'मी' म्हणण्याचा अधिकार

आत्मस्तुती हा दोष आहे, ह्याविषयी आपल्या समाजात सहसा मतभेद आढळत नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची जी लक्षणे सांगितली, त्यांत आपली स्तुती आपणच करणाऱ्याला जागा दिली आहे. महाभारताच्या कर्णपर्वात तर ह्याहूनही कडक निवाडा आहे. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे जो म्हणेल त्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा होती; आणि नेमके धर्मराजाच्याच तोंडून ते शब्द निघाले. श्रीकृष्णाने तोड काढली की, वडील माणसाचा अपमान करणे हाच त्याचा वध होय, तेव्हा तेवढा कर. अपमान करून झाल्यावर अर्जुन पश्चात्तापाने स्वतःचा प्राण घ्यावयास निघाला, तेव्हा श्रीकृष्णाने सांगितले की, आपल्या तोंडाने आपली स्तुती कर, म्हणजे आत्महत्या झालीच म्हणून समज. आत्मस्तुती आणि आत्मघात हे ज्या संस्कृतीत समानार्थी ठरले, तीत वाढलेल्या सुशिक्षित मनुष्याला 'मी' हा शब्द उच्चारताना संकोच वाटावा हे साहजिकच आहे. घरात मुलांना 'मी मी' करू नका असे बजावण्यात येते. सभेत वक्त्याचे गुण सांगण्यासाठी दुसरा मनुष्य नेमलेला असतो. आणि लेखक म्हणविणारे आमच्यासारखे लोक 'आम्ही' ह्या बहुवचनाच्या आडोशाला बसून आपली मते मांडतात.

ह्या संकोचाला ज्यात मुळीच थारा नाही असा एक काव्यप्रकार आज आपल्या तरुणांच्या कानांत अहोरात्र घुमत आहे. त्यास रॅप म्हणतात. सुरावर न गाता, तालाच्या ठेक्यावर, यमकावर यमक चढवीत वेगाने बोलत जावयाचे, असे त्याचे स्थूल स्वरूप. १९७३ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स ह्या दरिद्री विभागात कृष्णवर्णीय तरुणांच्या एका घरगुती नाचाच्या मेळाव्यातून ह्या चळवळीचा उगम झाला असे मानण्याचा प्रघात आहे. पुढे तिचा प्रसार इतका झाला की, २०१८ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक केंड्रिक लमार ह्या रॅपरच्या संग्रहास मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या अंधेरी भागातील 'डिव्हाईन' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तरुणाने २०१९ साली आपला पहिला संग्रह काढला आणि त्यास 'कोहिनूर' असे नाव दिले. त्यानंतर वर्षभराने, २०२० साली, पुणे स्टेशनाजवळच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत वाढलेल्या अल्ताफ शेख ह्या विशी-एकविशीतील तरुणाने, म्हणजे श्रोत्यांच्या एम. सी. स्टॅनने, आपला पहिला संग्रह प्रसिद्ध केला. त्याची भाषा हिंदी, पण ती पुण्याच्या वस्त्यांत, मराठीच्या शेजारात वाढलेली हिंदी. संग्रहाचे नाव 'तडीपार'.

एकाने स्वतःला हिरा म्हटले, दुसऱ्याने हद्दपार गुन्हेगार. पहिल्या नावातील आत्मस्तुती उघड आहे. दुसऱ्या नावात मात्र ज्या शिक्क्याची लाज वाटावी तोच मुकुटासारखा मस्तकी धारण केलेला आहे, आणि म्हणूनच तिचा विचार अधिक सूक्ष्मपणे करावा लागतो. आमचा प्रश्न संगीताच्या गुणदोषांचा नाही. ज्याची स्तुती दुसऱ्या कोणी कधी केलीच नाही, त्याने ती स्वतः केली तर तो दोष समजावा काय, एवढाच हा प्रश्न आहे.

प्रथम ह्या शब्दाकडे पाहू. तड म्हणजे काठ. काठापलीकडे घालविलेला तो तडीपार. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ ह्याच्या कलम ५५ ते ५७ अन्वये एखाद्या मनुष्यास दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर वा नेमून दिलेल्या हद्दीबाहेर राहण्याचा हुकूम देता येतो. ह्यांपैकी कलम ५६ चे वैशिष्ट्य असे की, त्याखाली हुकूम होण्यासाठी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावाच लागतो असे नाही. साक्षीदार भीतीमुळे उघडपणे पुढे येण्यास धजत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत होणे ही त्यातील एक अट आहे. संबंधितास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे, अशी तरतूद अर्थात आहे. ज्याच्या दहशतीने गल्लीतील दुकानदार रात्रभर झोपत नाही अशा माणसापासून गल्लीचे रक्षण करण्याला असा कायदा लागत असेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ह्या शब्दाची छाया हुकूम मिळालेल्या माणसापुरती राहत नाही, ती सबंध वस्तीवर पडते. वस्तीचे नाव अर्जात लिहिले की नोकरी देणारा कपाळाला आठी घालतो, घर भाड्याने देणारा 'कळवितो' म्हणतो. असा मनुष्य कोणत्याही हुकुमावाचून अर्धा तडीपार असतोच. त्याने तो शब्द उचलून स्वतःच्या पहिल्या पुस्तकावर लिहावा, तसा तो ह्या तरुणाने आपल्या पहिल्या संग्रहावर लिहिला.

ही रीत महाराष्ट्राला नवीन आहे, असे मात्र कोणी समजू नये. पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्यांच्या कारखान्यांच्या पट्ट्याला ज्या दोन तीर्थक्षेत्रांनी कड दिली आहे, ती देहू आणि आळंदी. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांस वाळीत टाकण्यात आले त्या भावंडांचे नाव आज आळंदीस जाणारी दिंडी घेते. वाळीत टाकणे हे त्या काळचे तडीपारच होते. अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव गोवतो ही पद्धत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, तीतील धीटपणा आपल्या लक्षातच येत नाही. ज्या माणसाला देवळाच्या पायरीपलीकडे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्या चोखोबाने आपले नाव अभंगात घातले. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईने आपले घातले. आणि दोघांनीही ते गावाने हाक मारण्यासाठी वापरलेल्या एकेरी, उणावलेल्या रूपातच घातले. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर नारायण सुर्वे ह्यांचे घ्यावे. अनाथ म्हणून रस्त्यावर सापडलेल्या आणि एका गिरणीकामगाराने वाढविलेल्या ह्या कवीचा पहिला संग्रह १९६२ साली निघाला तो 'ऐसा गा मी ब्रह्म' ह्या नावाने. पहिल्याच पुस्तकाच्या कपाळी 'मी', आणि तोही ब्रह्माच्या शेजारी! त्यास आत्मस्तुती म्हणण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. ज्याला जन्माने नावही दिले नव्हते त्याचा तो 'मी' होता, हे वाचकांना कळले होते.

येथे पुन्हा महाभारताकडे वळणे उपयुक्त होईल. अर्जुनाला आत्मस्तुतीची गरज कधी पडली? वर सांगितलेला प्रसंग सोडला तर जवळजवळ कधीच नाही. कारण त्याची स्तुती करावयास द्रोण होते, भीष्म होते, साक्षात श्रीकृष्ण होता. विनय हा त्याला परवडण्यासारखा होता. उलट रंगभूमीवर कर्ण एकटा उतरला तेव्हा त्याला आपले गुण आपल्याच तोंडाने सांगावे लागले, आणि त्यावर कृपाचार्यांनी त्याचे कुळ विचारले. बाण कसा मारतोस हे कोणी विचारले नाही. विनय हा सद्गुण खरा, पण पुष्कळदा तो ज्याच्या घरी स्तुती करणारी माणसे पगारावर वा प्रेमाने ठेवलेली आहेत त्याचा सद्गुण असतो. दुसऱ्याने आपणांस ओळखावे ही अन्नासारखीच मनुष्याची एक भूक आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी माणसाला 'अधाशासारखे खाऊ नये' असा उपदेश करावा, तसा आपला आत्मस्तुतीविषयीचा उपदेश ह्या मुलांच्या कानांवर पडतो.

ही भूक आमच्या भागात कशी वाढली ह्याचा थोडा इतिहास आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला; १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले; आणि पाहता पाहता बाजरीच्या शेतांतून टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो लहान कारखाने वर आले. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली. त्या पहिल्या पिढीचा सर्वनाम 'आम्ही' हा होता. त्या 'आम्ही'ला युनियनचा झेंडा होता, वेतनकरार होता, वसाहतीतला गणपती होता. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यासमोर उपोषण मांडले आणि पोलिसांनी एका रात्रीत त्यांस उचलून नेले, तेव्हा त्या लढ्यात कोण बरोबर आणि कोण चूक ह्याविषयी मतभेद होते. पण तेथे बसलेल्या माणसाला आपण कोण आहोत हे सांगता येत होते. पुढे कारखाने चाकणकडे सरकले. मोठ्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर कंत्राटी पद्धत पसरली. सहा महिने येथे, अकरा महिने तेथे, कंत्राटदार निराळा, सोबती निराळे. ज्यांना एकत्र बसून 'आम्ही' म्हणावयास वेळच मिळत नाही, अशी एक पिढी तयार झाली. २०२० च्या टाळेबंदीत हजारो परप्रांतीय कामगार महाराष्ट्रातील औद्योगिक शहरांतून पायी गावाकडे निघाले, तेव्हा त्यांस कोणी हद्दपारीचा हुकूम बजावला नव्हता. 'तडीपार' हा संग्रह त्याच वर्षीचा आहे, हा योगायोगच. पण तो विसरण्याजोगा नाही.

आमच्या वर्गात असा एक विद्यार्थी आहे. चाकणजवळच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून तो सकाळी महाविद्यालयात येतो. कानात ह्याच गायकाची गाणी असतात. ह्यात तुला काय आवडते असे आम्ही त्यास एकदा सरळ विचारले. तो म्हणाला, "सर, कंपनीत मला नावानं कोणी हाक मारत नाही. टोकन नंबर, नाहीतर 'ए हेल्पर'. हा गाण्यात स्वतःचं नाव दहादा घेतो ना, तेव्हा बरं वाटतं." आम्ही म्हणालो, "पण नाव त्याचं, तुझं नव्हे." त्यावर तो क्षणभर थांबून म्हणाला, "हो सर. पण आमच्यातल्या एकाचं तरी."

ह्या उत्तरातील 'आमच्यातल्या' ह्या शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. गायक 'मी' म्हणतो, ऐकणारा 'आम्ही' ऐकतो. आमच्या 'आम्ही'च्या आत एकटा मनुष्य लपलेला असतो. ह्या मुलांच्या 'मी'च्या आत पुष्कळ माणसे दाटीने उभी असतात. म्हणून व्याकरणातील वचन पाहून अहंकाराचे माप घेणे बरोबर नाही.

तर मग ह्या गीतांतले सर्वच निर्दोष मानावयाचे काय? मुळीच नाही. आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला शिव्यांचा. नुसत्या ग्राम्य भाषेबद्दल आम्ही कपाळाला हात लावणार नाही. लावणीचा आणि शिमग्याचा वारसा सांगणाऱ्यांनी तो लावूही नये. पण ह्या काव्यप्रकारातील शिव्या बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या आई-बहिणीवरून जातात, आणि स्त्री ही तेथे एक तर जिंकण्याची वस्तू असते किंवा दगा देणारी. येथेही कर्णाचीच आठवण होते. रंगभूमीवर ज्याचा अपमान झाला त्या कर्णाबद्दल आपले हृदय द्रवते. पण द्यूतसभेत द्रौपदीला उद्देशून ज्याने नीच शब्द उच्चारले तोही हाच कर्ण. स्वतः अपमान सोसलेल्या माणसाने आपल्याहून दुबळ्या कोणाचा तरी अपमान करून वचपा काढावा, हा मनुष्यस्वभावातील अत्यंत दुःखद भाग आहे. पहिल्या प्रसंगाने दुसऱ्याचे कारण कळते, पण समर्थन होत नाही. ज्याला आपल्या नावाची किंमत समजली त्याला दुसऱ्याच्या आईचेही नाव असते हे समजले पाहिजे. ते समजत नसेल तर त्याचा 'मी' अजून अर्धाच जन्मला आहे असे म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप ह्याहून खोल जातो. कर्णाला कृपाचार्यांनी नाकारले त्याच घटकेस दुर्योधनाने जवळ केले आणि अंगदेशाचे राज्य दिले. त्या राज्याची किंमत कर्ण जन्मभर फेडीत राहिला. ज्याला सज्जन ओळख देत नाहीत त्याला ती देणारा दुर्योधन कोठे तरी उभाच असतो. आमच्या भागात तो दोन रूपांनी भेटतो. एक रूप गल्लीतल्या 'भाई'चे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्या पोराचा फोटो कोपऱ्यात छापलेला असतो, त्याच्या आयुष्यात त्याचा चेहरा मोठा करून दाखविणारा तो पहिला मनुष्य असतो. मग त्याच्यासाठी कोयता हाती घेणे हे त्या पोराला ऋण फेडण्यासारखे वाटते, आणि गाण्यातला तडीपार हुकुमातला तडीपार होतो. दुसरे रूप बाजाराचे. एम. सी. स्टॅनने २०२३ च्या फेब्रुवारीत 'बिग बॉस' ही दूरचित्रवाणीवरील स्पर्धा जिंकली. त्या काळात त्याच्या गाण्याइतकीच चर्चा त्याच्या पायांतल्या ८० हजार रुपयांच्या बुटांची झाली. चाकणच्या कंत्राटी हेल्परचे ते अनेक महिन्यांचे वेतन होय. वस्तीतल्या मुलाने महाग बूट घालू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. तो हक्क काही विशिष्ट पेठांना आंदण दिलेला नाही. पण टोकन नंबर पुसून जो 'मी' वर आला त्यावर पुन्हा किमतीचा आकडाच चिकटविला गेला, तर त्याने मिळविले ते काय?

आता कोणी विचारील की, असा 'मी' उपयोगाचा तरी कितपत? ह्याचे उत्तर आम्ही असे देऊ. एकट्याने लिहिलेला, एकट्याने म्हटलेला संग्रह ही आरंभाची अवस्था होय. ज्याला स्वतःचे नाव घेता येत नाही त्याला दुसऱ्याचेही घेता येत नाही, म्हणून ती ओलांडल्यावाचून पुढे जाता येत नाही. पण तेथेच घर बांधूनही चालत नाही. पुढची अवस्थाही आपल्याकडे दिसू लागली आहे. २०१९ साली मुंबईच्या 'स्वदेशी' ह्या रॅपरांच्या मेळ्याने आरे येथील वारली आदिवासींच्या जंगलाविषयी गीत केले आणि त्यात आरेचेच रहिवासी प्रकाश भोईर ह्यांचा आवाज घेतला. २०२३ च्या एप्रिलात मराठीत रॅप करणारे राज मुंगासे ह्यांच्यावर सत्तांतरासंबंधीच्या गीताबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदविण्यात आला. त्यांच्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मी मोठा, माझी साखळी मोठी, माझे बूट महाग, असे सांगणाऱ्या गाण्याने सत्तेची झोप उडत नाही. 'आमच्या मताचे काय झाले' असे विचारणाऱ्या गाण्याने ती उडते. 'मी'ने धीट झालेला मनुष्य जेव्हा 'आम्ही' म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला वजन येते.

मराठीत 'तड' ह्या एकाच शब्दापासून दोन प्रयोग निघाले आहेत. काठापलीकडे घालवून देणे म्हणजे तडीपार करणे, आणि काठाला सुखरूप पोहोचविणे म्हणजे तडीस नेणे. काठ एकच; त्या काठाशी आणून माणसाला पाण्यात लोटावे की हात देऊन वर घ्यावे, हे काठावर उभ्या असलेल्यांनी ठरवावयाचे असते. आमच्या मते आत्मस्तुतीचा खरा दोष पुष्कळदा ती करणाऱ्याचा नसून ती त्याला करावयास लावणाऱ्या समाजाचा असतो. जेथे शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो, जेथे मुकादम हेल्परला नावाने हाक मारतो, जेथे घरमालक वस्तीचे नाव विचारण्याआधी माणसाचे विचारतो, तेथे 'मी मी' करण्याची गरजच उरत नाही, आणि समर्थांचे ते लक्षण तेथे न्यायाने लागू पडते. तोवर, आपल्या घरातील मुलगा कानात यंत्र घालून अशी गाणी ऐकताना दिसला, तर ते यंत्र हिसकावून घेण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारावे की, तुझे नाव शेवटचे प्रेमाने कोणी आणि कधी घेतले. कृपाचार्यांचा प्रश्न कुळाविषयी होता. हा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि दुर्योधनाने विचारण्याच्या आत तो आपण विचारलेला बरा.